तिसऱ्या मजल्यावरचा दिवा

बुडापेस्टच्या बुटांची गोष्ट मी आतापर्यंत निदान दहा जणांना सांगितली असेल. डॅन्यूबच्या काठावर, संसदेपासून जवळच, लोखंडाचे साठ जोड मांडून ठेवले आहेत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ॲरो क्रॉसच्या हंगेरियन फॅसिस्टांनी ज्यूंना तिथे रांगेत उभं केलं, गोळ्या घातल्या आणि नदीत ढकललं. आधी बूट काढायला लावले, कारण बुटांना किंमत होती. हे सांगताना माझा आवाज आपोआप खाली जातो. ऐकणारा गप्प होतो. आणि खरं सांगायचं तर मला जरा बरं वाटतं, आपण हळवे आहोत असं. ते बरं वाटणं हल्ली मला खुपायला लागलंय. कारण त्याच शनिवार-रविवारची दुसरी एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही.

तेव्हा मी कामानिमित्त म्युनिकला होतो. शुक्रवारी दुपारी गाडीत बसलं की रात्री बुडापेस्ट. आम्ही चौघं, सगळे मराठी, सगळे तिशीतले. शनिवारचा दिवस सगळ्यांचा जातो तसाच गेला: मच्छीमारांचा बुरूज, साखळीपूल, सेचेनीच्या गरम कुंडात गळ्यापर्यंत बुडून काढलेला तास. सकाळी दोहान्य रस्त्यावरचं सिनेगॉगही बाहेरून पाहिलं होतं. १८५९ सालचं, युरोपातलं सर्वांत मोठं. सिनेगॉगच्या आवारात सहसा कोणाला पुरत नाहीत, पण इथे दोन हजारांहून अधिक माणसं पुरलेली आहेत. भोवतीच्या गल्ल्यांना कुंपण घालून केलेल्या घेट्टोत ती त्या हिवाळ्यात उपासमारीनं, थंडीनं, रोगानं मेली. सुमारे ७० हजार माणसं त्या थोड्याशा जागेत कोंडली होती.

रात्री आम्ही त्याच गल्ल्यांत प्यायला गेलो. पाडायला निघालेल्या जुन्या इमारतींत थाटलेले बार ही या शहराची खासियत. काझिन्त्सी रस्त्यावरचं सिम्प्ला केर्त त्यात सगळ्यांत नावाजलेलं: कापून सोफा केलेला बाथटब, अंगणात जुनी ट्रॅबंट, एकही खुर्ची दुसरीसारखी नाही. फळांपासून केलेली पालिंका घशातून खाली उतरताना जाळत जाते. घेट्टोच्या जागी दारू प्यायलो, याचं मला अजूनही काही वाटत नाही. शहर जिवंत आहे तर लोक पिणार, हसणार. माझी अडचण तिथून पुढे सुरू झाली.

आमची भाड्याची खोली तिथून दहा मिनिटांवर, जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होती. मध्ये चौक, चारी बाजूंनी सज्जा, लोखंडी कठडा, कठड्याला कुंड्या, आणि सज्जावर उघडणारी एकेका बिऱ्हाडाची दारं. त्या सज्जाला तिथे ‘गांग’ म्हणतात. शुक्रवारी आत पाऊल टाकल्याबरोबर मी ओरडलो होतो, “अरे, ही तर आमची चाळ!” गिरगावात अशाच गॅलरीत मी पहिली अठरा वर्षं काढली. खालच्या चौकात कोणी नळ सोडला तरी वर ऐकू येतो, हे त्या चौघांत फक्त मला ठाऊक होतं. रात्री उशिरा आलो की जिन्यातच आई बोट ओठांवर ठेवायची आणि चपला हातात घ्यायला लावायची.

रात्री दोनला आम्ही परतलो तेव्हा मी गात होतो. बाकीचे तिघं नाही, मी. चौकात आवाज छान घुमतोय म्हणून मुद्दाम जास्त मोठ्यानं. समोरच्या सज्जावर दिवा लागला. पातळसा गाऊन, खांद्यावर शाल, सत्तरीच्या पुढची बाई. ओरडली नाही. एकच शब्द म्हणाली, “केरेम.” म्हणजे कृपया, तेवढं मला कळत होतं. मी हात जोडून कमरेत वाकलो, नाटकातल्यासारखा. मित्र फिदीफिदी हसले. ती क्षणभर बघत राहिली, मग दिवा मालवला.

त्यानंतर बरेच दिवस माझं मन एक कारस्थान करत होतं. त्या बाईला घेट्टोतून वाचलेली लहान मुलगी बनवावं, म्हणजे माझा अपराध मोठा होईल आणि पश्चात्तापही सांगण्याजोगा होईल. पण तसं मानायला मला काहीही आधार नाही. ती झोपमोड झालेली एक म्हातारी होती, इतकंच. दर शुक्रवारी-शनिवारी माझ्यासारखाच कोणीतरी तिथे गात येत असणार. पुढे वाचनात आलं की त्या भागातले बार मध्यरात्री बंद करावेत का, यावर २०१८ साली सार्वमत घेतलं होतं, पण पुरेसं मतदान न झाल्यानं ते बाद ठरलं. ते वाचून मला हायसं वाटलं. लोकांचाच फारसा आक्षेप दिसत नाही, असा सोयीचा अर्थ मी काढला. आमच्या चाळीखाली गणपतीत डीजे लावणाऱ्या पोरांचंही हेच म्हणणं असतं. त्यांना मी दरवर्षी निर्लज्ज म्हणतो.

बुटांपाशी मी रविवारी पहाटे एकटाच गेलो होतो. कोणीतरी एका बुटात फूल खोचून ठेवलं होतं. डोळे भरून आले ते खोटे नव्हते. पण तिथल्या माणसांना माझ्याकडून काहीच नको होतं. त्यांच्यासाठी मला एक पायरीसुद्धा हळू चढायची नव्हती.

अकरा वाजता खोली सोडली. माझी चाकांची बॅग मी तिन्ही मजले उचलून खाली आणली, अजिबात आवाज न करता. समोरचं दार बंद होतं. खालच्या मजल्यावर कोणीतरी मोठ्यानं रेडिओ लावून गालिचा झोडपत होतं.