आंकड्यांचा पोशाख

आंकडा खोटें बोलत नाहीं, असें म्हणण्याची सुशिक्षितांत रीत पडली आहे. परंतु ज्या पोशाखांत आपण त्यास चारचौघांपुढें उभा करतों, तो पोशाख खोटें बोलूं शकतो कीं नाहीं, हा प्रश्न आम्हांस अलीकडे फार सतावूं लागला आहे.

निमित्त क्षुल्लकच घडलें. १९७९ सालीं व्हिसिकॅल्क आलें, तेव्हांपासून स्प्रेडशीट हिशेबनिसांच्या व पुढें शिक्षकांच्याही हाताखालीं राबत आली आहे. आम्हींही निकालपत्रकासाठीं तींत एक लहानसें साहाय्यक फंक्शन लिहिलें. गुणांच्या स्तंभाची सरासरी काढावी, दशांश छाटावे आणि उत्तर सुबकपणें मांडावें, एवढेंच त्याचें काम. पांच-पांच विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या होत्या. एकीचे गुण ४८, ४९, ५०, ५१, ५२. दुसरीचे १०, ३०, ५०, ७०, ९०. दोहोंपुढें सारखेच ५० उमटले! दुसऱ्या तुकडींतील दहा गुणांच्या मुलाकडे कोणाचेंच लक्ष गेलें नाहीं. आमचेंही गेलें नाहीं, हें कबूल करण्यास आम्हांस लाज वाटते.

यावर कोणी म्हणेल, सारांश म्हटला कीं कांहीं गळायचेंच. मग सर्वच सारांश असत्य मानावयाचे काय? आमचें तसें म्हणणें नाहीं. गाळणें वेगळें आणि गाळल्याचा मागमूसही न ठेवणें वेगळें. सरासरीशेजारीं प्रमाण विचलन छापलें असतें, तर एकीपुढें १.४ व दुसरीपुढें २८.३ दिसून वाचक थबकला असता. अर्थात् तेवढ्यानेंही सर्व भागतें असें नव्हे. अँस्कोम यांनीं १९७३ सालीं चार आंकडेसमूह मांडून दाखविले. चोहोंची सरासरी व विचलन जवळजवळ एकच, परंतु आलेख काढतांच चोहोंची रूपें निरनिराळीं! म्हणून मूळ स्तंभ वाचकाच्या हाताशीं असणें हेंही सचोटीचेंच अंग होय.

रिकाम्या घरांची गोष्ट तर याहून नाजूक. सरासरीचें फंक्शन रिकामें घर मोजीत नाहीं, शून्य मात्र मोजतें. आजारामुळें गैरहजर राहिलेल्या मुलापुढें शून्य मांडावें, कीं घर रिकामें ठेवावें? यंत्राच्या लेखीं हा एका कळीचा प्रश्न. त्या मुलाच्या लेखीं तो न्यायाचा प्रश्न आहे. घर रिकामें ठेवणेंच योग्य, परंतु किती घरें रिकामीं राहिलीं तें सांगितलें पाहिजे.

"आम्ही केवळ मांडणी केली" ही सबब आम्हांस आतां पटत नाहीं. हातानें हिशेब करणारा चुके, तेव्हां त्या एका पानावर चुके. फंक्शन लिहिणाऱ्याची चूक, तें जेथें जेथें वापरलें जाईल तेथें तेथें उमटते, आणि तीही नीटनेटक्या वेषांत; म्हणून तिच्याविषयीं शंकाही येत नाहीं. वाचकाचा विश्वास जितका अधिक, तितकी मांडणाऱ्याची जबाबदारी अधिक.

आम्हीं आमचें फंक्शन दुरुस्त केलें आहे. तें आतां सरासरी, विचलन, विद्यार्थिसंख्या आणि रिकामीं घरें अशा चारही गोष्टी मांडतें. पत्रक पूर्वीइतकें सुबक दिसत नाहीं, हें खरें, परंतु परवां तें पाहतांच एका सहकाऱ्यांनीं विचारलें, "या तुकडींत सर्वांत मागें कोण आहे?" हा प्रश्न मागेंच विचारला जावयास हवा होता.