नाण्यावरचं चित्र

आमच्या मंडळीत वर्षातून एकदा तरी उपदेशात नाण्याची गोष्ट येते. येशूला पेचात पकडायला लोक आले आणि म्हणाले, रोमच्या बादशहाला कर द्यावा का न द्यावा? त्यानं नाणं मागून घेतलं, वर चित्र कुणाचं आहे ते विचारलं, आणि ज्याचं त्याला देऊन टाका असं सांगितलं. बादशहाचं बादशहाला, देवाचं देवाला. ऐकायला सोपं वाटतं. रविवारची सकाळ देवाची, बाकीचे दिवस तलाठ्याचे, सोसायटीचे आणि ग्रामपंचायतीचे. पण दोन शेतांच्या मधी बांध घालता येतो, माणसाच्या मधोमध कसा घालायचा?

आमच्या घरात बाप्तिस्मा आजोबांनी घेतला. घर महारवाड्यात, जमीन वतनाची, तीन एकर. 1958 च्या कायद्यानं वतन गेलं आणि जमीन नव्या शर्तीवर आमच्या नावावर चढली. आजोबांचा देव बदलला, पण पाणवठा बदलला नाही. गावानं त्यांना प्रार्थनेवरून ओळखलं नाही, वाड्यावरून ओळखलं.

सरकारनं मात्र प्रार्थनेवरून ओळखलं. 1950 साली राष्ट्रपतींचा आदेश निघाला की हिंदू सोडून दुसरा धर्म पाळणारा माणूस अनुसूचित जातीचा मानायचा नाही. 1956 साली त्यात शीख आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगानं 2007 साली ही धर्माची अट काढा म्हणून अहवाल दिला. 2022 साली केंद्रानं न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला. आयोग येतात-जातात, आमच्या पोरांची शाळेची वर्षं काही त्यांच्यासाठी थांबत नाहीत.

म्हणून पुष्कळ घरांत कागदावर एक आणि काळजात एक असं चालतं. माझा एक चुलतभाऊ दर रविवारी उपासनेला येतो, दाखल्यावर मात्र जुनंच लिहिलेलं आहे. तो मला म्हणाला, "दादा, देवाला माझं मन दिसतंय, तहसीलदाराला कागद दिसतोय. ज्याला जे दिसतंय ते त्याला दावायचं. तुमच्या नाण्याच्या गोष्टीत तरी दुसरं काय हाय?"

हे बोलणं मी लई दिवस मनात घोळवलं. जोंधळ्याची राखण करताना माणसाला विचार करायला वेळ भरपूर असतो. मला वाटतं, भावानं गोष्ट अर्धी घेतली. नाण्यावर बादशहाचं चित्र होतं, म्हणून नाणं त्याचं. मग माणसावर चित्र कुणाचं? शास्त्राच्या पहिल्याच पानावर सांगितलंय की माणूस देवाच्या प्रतिमेचा आहे. सरकारला शेतसारा देईन, मत देईन, कायदा पाळीन. पण तू कोण, असं विचारलं की खोटं उत्तर देणार नाही. ती वस्तू सरकारच्या खजिन्यातली नाही.

म्हणून मी पोरांच्या दाखल्यावर ख्रिश्चन असंच लावलं. थोरल्याच्या डिप्लोमाच्या वेळेला अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती मिळाली नाही, दोन म्हशी विकाव्या लागल्या. तो मला म्हणाला, "बापू, खरेपणा तुमचा, मग त्याची फी मी का भरायची?" ह्या प्रश्नाचं पुरतं उत्तर माझ्याजवळ आजही नाही. एक मात्र त्यातनं कळलं. खरेपणाची किंमत ज्यानं त्यानं आपल्या गाठीची मोजावी, ती दुसऱ्याच्या घरातनं वसूल करू नये. त्यामुळं चुलतभावाला मी खोटारडा म्हणत नाही. खोटं आहे हे त्यालाही कळतं. पण कायद्यानं विचारायला पाहिजे होतं, तुला पाणी कुठं भरू देत नव्हते? त्यानं विचारलं, तुझा देव कोणता?

कुणी म्हणतात, ख्रिस्ती धर्मात जात नाही, मग जातीची सवलत कशाला? धर्मात नाही हे बरोबर. गावात आहे. आणि खरं बोलायचं तर सोयरीक जुळवताना मंडळीतही आहे.

बाबासाहेब आंबेडकर 1938 च्या जानेवारीत आमच्या सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढं बोलले होते. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी त्यांना वाटणारा आदर त्यांनी सांगितला. महारांची मुलं ख्रिस्ती झाली की त्यांची शिष्यवृत्ती जाते, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. आणि कान उघाडणी केली, की ख्रिस्ती समाज शिकला-सवरला, पण राजकारणात मागं राहिला, अन्यायाविरुद्ध समाज म्हणून कधी लढला नाही. त्या वेळी 1950 चा आदेश निघायलाच बारा वर्षं होती. ते बोल आजही आम्हाला लागू पडतात. आम्ही दवाखाने चालवले, शाळा चालवल्या, गायनं म्हटली. कचेरीच्या दारात मात्र गप्प उभे राहिलो.

तेव्हा तोल सांभाळणं म्हणजे निम्मं इकडं, निम्मं तिकडं असं मला वाटत नाही. खोटं बोलून काही घ्यायचं नाही, आणि खरं मागायला लाजायचं नाही, ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसानं करायच्या असतात. मताच्या आदल्या रात्री पाकीट घेऊन येणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावा. व्यासपीठावरून अमक्याला मत द्या असं पाळकानं सांगू नये. पण मत विकू नका, हे जरूर सांगावं. आणि मागणी फक्त आपल्यापुरती नसावी. पारध्याच्या पोराला जातीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालावे लागतात, तेव्हा त्याच्याबरोबर कचेरीत जाणारा ख्रिस्ती पाहिजे. नुसतं आपल्याच लोकांसाठी भांडलो तर मंडळीची भावकी व्हायला वेळ लागणार नाही.

दाखल्याच्या अर्जावर चुलतभाऊ सही करत नाही, त्याला भीती वाटते. मी करतो, आणि मागणी मान्य झाली तर फायदा त्याच्याही पोरांना होईल. त्याला आता खोटं लिहावं लागू नये, एवढ्यासाठी तरी हा कायदा बदलायला पाहिजे.