अर्थाआधीचे अक्षर

चेन्नईच्या वायव्येस वसलेले अंबत्तूर १९६४ साली औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून कारखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले; २०११ मध्ये ते महानगरपालिकेत सामावले गेले. अशा वस्तीतील इस्लामी शाळेत पाऊल टाकणाऱ्या पाच वर्षांच्या मुलासमोर तीन लिप्या एकदमच उभ्या राहतात : २००६ च्या अधिनियमाने पहिलीपासून अनिवार्य झालेली तमिळ, इंग्रजी, आणि उजवीकडून डावीकडे जाणारी अरबी. पहिल्या दोहोंत अक्षरापाठोपाठ अर्थ येतो. तिसरीत तो येत नाही. मूल अक्षरे ओळखते, स्वरचिन्हे लावते, कंठातून कोणता वर्ण निघतो आणि जिभेच्या टोकावरून कोणता, हे घोटून घेते, आणि मग कुराण वाचू लागते; समजून नव्हे, शुद्ध उच्चारून.

ज्या शब्दांचा अर्थ मुलास ठाऊक नाही ते त्याच्या मुखी घालणे हा संस्कार मानावा, की त्याच्या बुद्धीची उपेक्षा?

हा प्रश्न बाहेरच्या टीकाकारांचा आहे असे समजणे चूक ठरेल. इब्न खल्दूनने १३७७ साली लिहिलेल्या 'मुकद्दिमा' या ग्रंथात निरनिराळ्या मुस्लिम देशांतील बालशिक्षणाची तुलना केली आहे. बाराव्या शतकातील अंदलुसी न्यायाधीश अबू बक्र इब्न अल-अरबी याने आधी भाषा व काव्य, मग गणित आणि त्यानंतर कुराण असा क्रम सुचविला होता. न समजणारे वाचावयास लावण्यात त्याला शहाणपण दिसत नव्हते. इब्न खल्दून ही पद्धत उत्तम म्हणतो, आणि तरी ती रूढीला मानवणार नाही, अशी कबुली देतो. मूल घरात आहे तोवर आज्ञेत आहे. तारुण्याचे वारे लागले की ते कुठे जाईल याचा नेम नाही. ते पुढेही शिकत राहील अशी खात्री असती, तर न्यायाधीशाचाच क्रम श्रेष्ठ ठरला असता. कबुली प्रांजळ आहे. परंतु तिच्यात मुलाच्या गरजेपेक्षा बापाचे भय अधिक बोलते.

हे भय एका धर्माचे नाही. अर्थ न जाणता वेद मुखोद्गत करणाऱ्याला यास्काने 'निरुक्ता'त भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली, तरी संथा चालूच राहिली. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमातून २०१२ मध्ये मदरसे आणि वैदिक पाठशाळा एकाच वाक्यात वगळण्यात आल्या. संविधानाच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाने मान्यताप्राप्त शाळेत धार्मिक शिक्षणाची सक्ती मना केली आहे, पण मूल 'अज्ञान' असल्यास संमती पालकाची. (वयाने लहान असण्याला कायद्याच्या मराठीने हा शब्द योजावा, हेही लक्षणीय!)

तथापि पाठांतराचा पक्ष दुबळा नाही. अंगाईचा अर्थ कोणत्या बाळास कळतो? फरक इतकाच, की अंगाईच्या नादाला आईच्या कुशीची ऊब असते आणि त्या ऊबेतूनच पुढे अर्थ उगवतो. तमिळ मुसलमानांच्या पूर्वजांनी ही ऊब ओळखली होती. त्यांनी अरबी लिपीत काही चिन्हांची भर घालून तीत तमिळ लिहिली. ती 'अरबु-तमिळ' होय. मूल कुराणासाठी जी अक्षरे गिरवी, त्याच अक्षरांत त्याला आईच्या भाषेतील धर्मकथा आणि आचारनियम वाचता येत. सतराव्या शतकात उमरु पुलवराने पैगंबरांचे चरित्र 'सीरापुराणम्' या तमिळ महाकाव्यात गायिले, त्यातील निसर्ग आणि नगरेही तमिळ वळणाची आहेत. आज अरबु-तमिळ जवळजवळ लोपली आहे. अक्षर राहिले, त्यावरून घराकडे येणारी वाट मात्र मोडली.

तेव्हा आधी पाठांतर की आधी अर्थ, एवढ्यावरच वाद संपत नाही. उसने घातलेले शब्द अर्थासह फेडण्याचे ऋण प्रौढांच्या माथी राहते. आठ वर्षांच्या मुलीने वाचता वाचता थांबून 'म्हणजे काय?' असे विचारले, तर गुरुजी तमिळमध्ये उत्तर देतात, की पुढची ओळ वाचावयास सांगतात? प्रवेशअर्जावर सही करणाऱ्या पित्याने वेळापत्रकात हाच तास आधी शोधावयास हवा.