सुटलेला गोळा

मुठीने मारणाऱ्याला समोरच्याचे डोळे दिसतात. दगड भिरकावणाऱ्याला नुसती आकृती दिसते. पुढे धनुष्य आले, बंदूक आली, तोफ आली. अंतर वाढत गेले आणि डोळे दिसेनासे झाले. या वाटेवर माणूस कुठवर येऊन पोहोचला आहे हे पाहायचे असेल, तर 'के-नाइन वज्र' या तोफेकडे पाहावे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये नाशिकजवळ देवळालीला ही तोफ आपल्या सैन्यात दाखल झाली. मूळ आराखडा दक्षिण कोरियाचा, बांधणी सुरतेजवळ हजिऱ्याची. रणगाड्यासारखी ती स्वतःच्या पट्ट्यांवर चालते, मारा करते आणि शत्रूचे उत्तर येण्याआधी जागा सोडते. नळी १५५ मिलिमीटर व्यासाची. गोळा पंचेचाळीस किलोच्या आसपास, म्हणजे आमच्या नववीतल्या एखाद्या मुलाच्या वजनाचा. लांब पल्ल्याच्या गोळ्याच्या बुडाशी मंद जळणारी दारू असते. तिचा वायू गोळ्यामागची पोकळी भरून काढतो, हवेची ओढ कमी होते आणि गोळा सुमारे ४० किलोमीटर जातो. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास निघालेल्या पहिल्या आगगाडीला ३४ किलोमीटरसाठी सुमारे तासभर लागला होता. हा गोळा त्याहून लांबची वाट मिनिटांत संपवतो.

पण मला नवल वाटते ते वेगाचे नव्हे, सावधगिरीचे. टीएनटी हे स्फोटक सुमारे ८० अंश सेल्सियसला वितळते. वाफेच्या उष्णतेवर पातळ करून ते पाकासारखे गोळ्यात ओततात. ते सहजासहजी भडकत नाही. टोकावरच्या फ्यूजला तर जणू दोन कुलुपे असतात. एक उघडते ते सुटतानाच्या धक्क्याने, दुसरे गोळ्याच्या गरगर फिरण्याने. तोवर ठिणगीची आणि स्फोटकाची गाठ पडत नाही. आपल्या माणसाला इजा होऊ नये म्हणून एवढी काळजी! गोळा फुटला, की मात्र पोलादाचे तुकडे सुमारे पन्नास मीटरपर्यंत जीव घेऊ शकतात, आणि त्या तुकड्यांना गणवेश ओळखता येत नाही.

मग ते मारणे कोणाचे? शाळेत काच फुटली, की मी मास्तर म्हणून चौकशी करतो. एक म्हणतो, मी फक्त चेंडू आणला. दुसरा म्हणतो, मी फक्त टाकला. तिसरा म्हणतो, मी फक्त टोलवला. प्रत्येकाचे 'मी फक्त' खरे असते, आणि काच तरीही फुटलेलीच असते. तोफगोळ्याचेही असेच आहे. कोणी पोलाद घडवले, कोणी स्फोटक ओतले, कोणी दूरच्या टेकडीवरून आकडे कळवले, कोणी हुकूम दिला, कोणी दोरी ओढली.

या माणसांना मी दोषी ठरवीत नाही. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार दगावले. घडवणाऱ्यालाही मोल द्यावे लागते. सीमेवर तोफा नसत्या, तर आपण आज निर्धास्तपणे फराळाचे ताट पुढे घेऊन हा अंक चाळत बसलो नसतो, हेही खरेच. एकाच वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामही आहे आणि पुलगावचे दारूगोळ्याचे कोठारही आहे. आपले मन त्या जिल्ह्यासारखेच आहे.

महाभारताने या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या जागी शोधले. अश्वत्थाम्याने अस्त्र सोडले, अर्जुनानेही सोडले. व्यास आणि नारद मध्ये उभे राहिले, तेव्हा अर्जुनाने आपले अस्त्र परत घेतले. अश्वत्थाम्याला ते साधले नाही. त्याचे अस्त्र उत्तरेच्या गर्भावर गेले. सोडणे दोघांनाही येत होते. फरक होता तो आवरण्यात.

तोफगोळ्याला परत बोलावण्याचा मंत्रच नाही. तो आकाशात असताना खाली एखादे पोर शेळीमागे धावत आले, तरी तो थांबत नाही. बरे, गोष्ट त्या मिनिटांपुरतीही नसते. १९१६ साली फ्रान्समध्ये वर्दंच्या लढाईत न फुटता रुतलेले गोळे आजही जमिनीतून वर येतात. सोडणाऱ्यांपैकी आज कोणीही हयात नाही. गोळे मात्र आपले काम विसरलेले नाहीत.

म्हणून मला वाटते, जे परत घेता येत नाही, त्याच्यासाठी संयम आधीच खर्चावा लागतो. काम वाटून घेतले की ओझे हलके होते. जबाबदारी होत नाही. ती प्रत्येकाच्या वाट्याला सबंधच येते. अर्जुनापाशी होता तो मंत्र आपल्यापाशी थोडा उरला असेल, तर तो हुकुमाच्या आधीच्या क्षणात आहे. नकाशावरच्या आकड्यांच्या जागी क्षणभर डोळे पाहायचे, एवढाच तो मंत्र. तो एकट्या सैनिकाने म्हणायचा नाही. ज्यांच्या नावाने हुकूम सुटतो ते सरकार आपणच निवडतो. त्या ओळीत अगदी शेवटी का होईना, आपणही उभे आहोत.