आधी दाराला कडी लावा

‘आमच्याकडच्या बायका आतून तपासून घ्यायला तयारच होत नाहीत,’ असं शिबिरं भरवणारे बेधडक सांगतात. हा बायकांवरचा आळ आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गावोगाव गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी झाली, तेव्हा बोलावलेल्या दहांपैकी जवळजवळ आठ जणी आल्या. त्याआधी अशी तपासणी त्यांच्यात जवळपास कुणाचीच झाली नव्हती. हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली चाचणी, तेवढ्याने आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये जगापुढे आलं. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तिशी-चाळिशीतल्या शंभर बायकांमागे जेमतेम दोघींची तपासणी झालेली दिसते.

पहिल्यांदा आलेल्या बाईला टेबलावर पाय दुमडून पडायचं असतं. पडदा अर्धवट, दारातून कुणीतरी ये-जा करतंय, वर ‘अंग सैल सोड’ म्हणून दरडावणी. ती पुन्हा कशाला येईल? नुसत्या डोळ्यांनी बघून करायची तपासणी खरं तर काही मिनिटांची. आतलं दिसावं म्हणून स्पेक्युलम हे साधन बसवायचं, पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिडचा बोळा लावायचा, मिनिटभर थांबून पांढरा डाग उमटतो का बघायचं. थोडं दडपल्यासारखं, चुरचुरल्यासारखं होतं. हे आधी सांगितलं, स्पेक्युलम हातात देऊन दाखवलं, अंगावर चादर घातली, तर पुष्कळ भीती तिथेच जाते.

‘पिशवी काढतील’ ही भीती मात्र आपणच तिच्या मनात घातली. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कॅन्सरचा धाक घालून काढल्या गेल्या, हे २०१९ मध्ये महाराष्ट्राने वाचलं. त्यानंतर घाबरणाऱ्या बाईला अडाणी कोणत्या तोंडाने म्हणायचं? तिला स्वच्छ सांगा : पांढरा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेकदा तेवढीच जागा गोठवून किंवा शेकून भागतं, पिशवी जागेवर राहते. ‘मला काहीच त्रास नाही’ म्हणणारीसाठीच ही तपासणी आहे, कारण पेशी बिघडायला लागल्यापासून कॅन्सर होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षं हातात असतात.

आणि नवरे, सासवा? एचपीव्ही संबंधातून पसरतो, पुरुषाकडूनही येतो, बहुतेकांना कधी ना कधी होतोच. त्यावरून बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणं निव्वळ क्रूरपणा आहे. येत्या ग्रामसभेत पुरुषांनीच उठून विचारावं : आरोग्य केंद्रात तपासणाऱ्या बाई कोणत्या वारी असतात, खोलीला आतून कडी आहे का, आणि डाग दिसला तर पुढचा उपचार कुठे, तिथवरचं भाडं कोण देणार?