आधी मतदारयादी बघ

उधना, सुरत

चि. सोनूस,


ॲमस्टरडॅमला स्थलांतर आणि अल्पसंख्याकांच्या राजकारणावर पीएचडी करायला निघालीस, बरं वाटलं. न मागता सल्ला देतेय. मास्तरणीची खोड, जायची नाही.

तिथे 'बाहेरचे' कोण, हे आधीच ठरवून बसू नकोस. आधी मतदारयादी बघ. आपलंच बघ ना. भुसावळ लाइनच्या गाडीनं आलेली खान्देशी माणसं लिंबायत-उधन्यात राहिली, रेशनकार्ड झालं, यादीत नाव चढलं. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९ पासून नवसारीचे खासदार, २०२० मध्ये तर गुजरात भाजपचे अध्यक्ष झाले. भाषेनं आपण इथे थोडे, पण धर्मानं बहुसंख्य. हे दुसरं सोयीस्करपणे विसरू नकोस. डिसेंबर १९९२ च्या दंगलीत याच शहरात कुणाला घर सोडून पळावं लागलं, ते त्यावरच ठरलं.

आता इथल्या लूमवरचा गंजामचा ओडिया कारागीर घे. बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी. खोलीत दिवसपाळीवाला उठून गेला की रातपाळीवाला त्याच जागेवर अंग टाकतो. भारताचा नागरिक, पण बहुतेकांचं नाव गावच्या यादीत. मग नगरसेवक त्याच्या खोलीची पायरी कशाला चढेल? उलट नेदरलँड्समध्ये पाच वर्षं कायदेशीर राहिलेल्या परदेशी माणसाला १९८६ पासून नगरपालिकेला मत देता येतं, डच नागरिकत्व नसलं तरी! तिथे परक्याला मत आणि इथे नागरिक बिनमताचा, हा पेच घेऊन जा. तिथल्या किती जणांना तो सुचेल, शंकाच आहे.

आणि एक. मुलाखती उरकून पळणाऱ्यांतली होऊ नकोस. समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन १९६२ साली तिकडूनच दक्षिण गुजरातेत आले, हळपती शेतमजुरांत फिरले आणि पुढे कित्येक दशकं याच मुलखात येत राहिले. खान्देशातून बारडोलीला ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांवर त्यांनी १९७८ मध्ये लिहिलं. तीही आपलीच माणसं. पण हंगाम संपला की परत, त्यामुळे त्यांच्यातून खासदार कुठला निघायला?

निघण्याआधी इथल्या विद्यापीठाच्या आवारातल्या सेंटर फॉर सोशल स्टडीजच्या ग्रंथालयात आठवडाभर बस. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाईंनी उभी केलेली संस्था आहे. डच शिकायला आत्तापासूनच लाग, इंग्रजीवर भागवू नकोस. कुणी भाडेकरू आपली तक्रार इंग्रजीत करत नाही.

व्हिसाचं कळव.

तुझी,
मावशी