पाण्यात उतरलेला दगड

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पाणी दोन जातींचं. नळाला येतं ते भातसा, बारवी धरणांचं आणि उल्हास नदीचं. साबणाला लगेच फेस येतो. बोअरचं पाणी जड. डाळ शिजायला वेळ घेते, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो. पाऊस तोच, खालचा काळा बेसॉल्टही तोच. धरणातलं पाणी बरंचसं डोंगरावरून घाईने उतरलेलं. बोअरचं मात्र दगडाच्या फटींत मुक्काम करून आलेलं.

पावसाचं पाणी हवेतला, आणि त्याहून जास्त मातीतला, कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं. त्याने बेसॉल्ट कणाकणाने सुटतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, सिलिका पाण्यात उतरतात, वायूचं बायकार्बोनेट होतं. जमिनीखाली कुणाला न दिसणारं हे काम नदीच्या बाटलीभर पाण्यात मोजता येतं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नर्मदा, तापी, वैनगंगा आणि त्यांच्या उपनद्यांचं पाणी तपासून दख्खनच्या बेसॉल्टच्या झिजेचा वेग काढला होता. पुढे जगभरच्या बेसॉल्टचा हिशेब झाला. जमिनीचा जेमतेम ५ टक्के भाग हा दगड व्यापतो, पण सिलिकेट खडक झिजताना जो कार्बन डायऑक्साइड शोषला जातो त्यातला सुमारे ३० टक्के वाटा त्याचा. साडेसहा कोटी वर्षांचा, याच दगडाचा ठाण्याजवळचा येऊरचा डोंगर नुसता बसून आहे असं आपल्याला वाटतं, एवढंच.

याहून नवल तानसा नदीच्या काठी. अकलोली-वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांत लोक अंगदुखीसाठी उतरतात. भूरसायनवाल्यांना तिथे तापमापक सापडतो. पाणी जितकं गरम तितकी सिलिका जास्त विरघळते, आणि ते झपाट्याने वर आलं तर ती लगेच खाली बसत नाही. म्हणून कुंडातली सिलिका मोजली की खोलवर पाणी किती तापलं होतं याचा अंदाज येतो, तोही कुंडाच्या तापमानापेक्षा बराच जास्त. शिवाय या पाण्यात क्लोराइड भरपूर. बेसॉल्टमध्ये ते जवळजवळ नसतंच. मग आलं कुठून? कुणी जुन्या समुद्राच्या पाण्याकडे बोट दाखवतं, कुणी बेसॉल्टच्याही तळाशी असलेल्या खडकाकडे. वाद चालू आहे, आणि मला तो कुंडाच्या माहात्म्याइतकाच रंगतदार वाटतो.

मात्र हेच क्लोराइड वालधुनी नदीत सापडलं तर भूगर्भाकडे पाहू नये. अंबरनाथ-उल्हासनगरची गटारं पुरेशी आहेत. दगडाचं ऐकायचं तर वस्तीच्या वर, डोंगराकडे जावं लागतं, तेही ऋतू पाहून. जुलैच्या पुरात सगळं पातळ होतं. मे महिन्यात, धरणाच्या वरच्या अंगाला ओढ्यात जी बारीक धार उरते, ती जवळपास सगळी दगडातून पाझरलेली असते. नमुना घ्यायचा तो तिचा.